परीकथा कोणत्या खणात? गावातल्या शाळेची पुस्तकं लावताना

दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत कपाटापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, थे म्हातारी भोपळ्यात बसून जाते, थे पुस्तक कोठी हाये?" पुस्तक आमच्याकडे होतं, तेही दोन प्रती. एक 'मराठी' लिहिलेल्या खणात होती, दुसरी 'सामान्य ज्ञान' लिहिलेल्या खणात, आणि दोन्ही सापडेपर्यंत घंटा झाली. पोरगी वर्गात निघून गेली. त्या वर्षी वाचनालयाचा चार्ज माझ्याकडे नुकताच आला होता. पुस्तकं लावायचं काम मी तेव्हापासून मनावर घेतलं.

तुमच्याकडेही हा चार्ज नवीन आला असेल, तर हे तुमच्यासाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत ग्रंथपाल नसतो, तीनशे ते सहाशे पुस्तकं असतात, एखाददोन लोखंडी कपाटं, कुठे एक रॅक. त्या मापाच्या वाचनालयाबद्दल मी लिहिते आहे. मुख्य प्रश्न एकच: परीकथा कुठे ठेवायच्या? हा प्रश्न सुटला की बाकीची पुस्तकं फारशी अडत नाहीत. आणि लहान मुलं सगळ्यात जास्त मागतात ती हीच पुस्तकं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीतही प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं म्हणताना वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं यांच्यासोबत गोष्टींच्या पुस्तकांचा नाव घेऊन उल्लेख आहे. कोणी विचारलं, "गोष्टीच्या पुस्तकांसाठी एवढी खटपट कशाला?" तर हे सांगता येतं.

पायरी १ : सगळं खाली काढा

कपाटात पुस्तकं असतानाच ती 'नीट' लावायला जाऊ नका. अर्धी इकडची तिकडे होतात आणि दमून आपण सोडून देतो. सगळी पुस्तकं एकदम बाहेर काढा. आपल्याकडे विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा मुलं येण्याआधीचे दोन दिवस मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सहावी-सातवीची चार मुलं हाताशी घ्या. दोन शनिवारांत काम होतं. वर्गात सतरंजी अंथरा. पावसाळ्यात व्हरांड्यात बसू नका, वाछटीने पानं फुगतात.

कोरड्या फडक्याने पुसताना प्रत्येक पुस्तक उघडून बघा. मातीच्या रेषा दिसल्या तर वाळवी, पानांना बारीक नागमोडी कुरतड दिसली तर कसर. अशी पुस्तकं लगेच वेगळी करून उन्हात ठेवा, पण कडक उन्हात तासाभरापेक्षा जास्त नको, डिंक सुकून पानं सुटतात. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला. ओला पाला कपाटात ओल घेऊन येतो.

पायरी २ : गोष्टींचा ढीग वेगळा काढा आणि त्यातल्या परीकथा ओळखा

आधी दोनच ढीग: माहितीची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं. हे मुलंच करतील. मग गोष्टींच्या ढिगापाशी तुम्ही स्वतः बसा.

परी असते तीच परीकथा, असं समजून चालू नका. 'परी' हा शब्दच फारसीतून आपल्याकडे आला. आपल्या आजीच्या गोष्टीत परी क्वचित भेटते. तिथे सात समुद्रापलीकडच्या पोपटात जीव ठेवलेला राक्षस असतो, आवडती आणि नावडती राणी असते, बोलणारं झाड असतं, भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी असते. मी पुस्तक हातात घेतलं की तीन गोष्टी बघते. गोष्ट कुठली, कधीची ते सांगितलेलं नाही ना? आटपाट नगर, एक होता राजा, कोण्या एका गावात, असं. घडू शकणार नाही ते घडतं, आणि गोष्टीतल्या कोणालाच त्याचं नवल वाटत नाही ना? या दोन्हींना 'हो' आलं की ती परीकथा. तिसरा प्रश्न असा, की ही गोष्ट पहिल्यांदा कोणी रचली ते माहीत आहे का? माहीत नसेल तर ती लोककथाही आहे. माहीत असेल तर ती एका लेखकाने लिहिलेली परीकथा.

जगातली दोन प्रसिद्ध उदाहरणं घेतली की तिसरा प्रश्न स्पष्ट होतो. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून १८१२ आणि १८१५ मध्ये दोन खंडांत छापल्या. त्या कथा त्यांनी रचलेल्या नाहीत, जमवलेल्या आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये घासूनपुसून मांडलेल्या आहेत. डेन्मार्कच्या हान्स अँडरसन यांनी १८३५ पासून परीकथा छापायला सुरुवात केली. त्यांनी काही जुन्या कथा नव्याने सांगितल्या, पण कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट त्यांची स्वतःची. मुलाला दोन्ही सारख्याच वाटतात. ग्रंथालयशास्त्राला वाटत नाहीत, आणि आपला घोळ तिथून सुरू होतो.

पायरी ३ : ३९८.२ हा आकडा समजून घ्या

अमेरिकेचे ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये पुस्तकं लावायचं दशांश वर्गीकरण छापलं. आज तालुक्याच्या वाचनालयात किंवा कॉलेजात पुस्तकाच्या पाठीवर जो वर्गांक दिसतो, तो बहुधा याच पद्धतीचा असतो. सगळं ज्ञान शून्य ते नऊ अशा दहा मोठ्या भागांत: २०० धर्म, ३०० समाजशास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ८०० साहित्य, असं. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६.

आता परीकथा साहित्यात, म्हणजे ८०० मध्ये असतील असं कोणालाही वाटेल. पण लोककथा आहेत ३९८.२ मध्ये, समाजशास्त्रांत. त्यांच्या शेजारी ३९१ ला पोशाख, ३९४ ला रीतिरिवाज, ३९५ ला शिष्टाचार. कारण ज्या कथेचा कोणी एक लेखक नाही, ती त्या समाजाच्या चालीरीतींसारखीच समाजाची मानली गेली. कोडी ३९८.६ मध्ये, म्हणी ३९८.९ मध्ये. अँडरसनसारख्या लेखकाची परीकथा मात्र त्याच्या भाषेच्या साहित्यात, ८०० मध्ये जाते, आणि तिथेही सगळी ग्रंथालयं एकसारखी वागत नाहीत. काही जण सोयीसाठी तीही ३९८.२ मध्येच ठेवतात.

हा विचार मला पटतो. गोष्ट गावाची आहे, एकट्याची नाही, हे त्या आकड्यात मान्य केलेलं आहे. आपल्याच भागातलं उदाहरण बघा. कावळ्याचं घर शेणाचं आणि साळईचं, म्हणजे चिमणीचं, घर मेणाचं, ही गोष्ट लीळाचरित्रात आहे, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला. आज पहिलीतलं पोरगं "चिऊताई, चिऊताई, दार उघड" म्हणतं, तेव्हा ते किमान सातशे वर्षं तोंडोतोंडी फिरलेली गोष्ट सांगत असतं. तिच्यावर लेखक म्हणून कोणाचं नाव घालणार?

पण आकडा पटला म्हणून पुस्तक त्या आकड्याच्या क्रमानेच ठेवायला हवं असं नाही. आमच्या पहिल्या मांडणीत मी तेच केलं होतं. ३९८ चा खण नागरिकशास्त्र आणि व्याकरण यांच्या मधे आला, आणि दोन महिने तिकडे एकही लहान मूल फिरकलं नाही.

पायरी ४ : तुमचा निर्णय घ्या

तीन वाटा आहेत. पहिली, वर्गांकाच्या क्रमाने ठेवणं, म्हणजे परीकथा माहितीच्या पुस्तकांत जाणार. दुसरी, लेखकाच्या आडनावाने इतर गोष्टींच्या पुस्तकांत मिसळून टाकणं. तिसरी, परीकथा-लोककथांचा स्वतंत्र खण करून तो गोष्टींच्या पुस्तकांना लागून ठेवणं.

पहिली वाट आठवी ते दहावीच्या मोठ्या शाळेत चालू शकते, कारण त्या मुलांना पुढे कॉलेजच्या वाचनालयात असंच शोधायचं आहे. पहिली ते सातवीच्या शाळेत चालत नाही. आणि माझ्या मनात आणखी एक कारण आहे. आपल्या भागात करणी आणि भानामतीच्या संशयावरून अजूनही माणसांचं जगणं अवघड होतं. त्यासाठी २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा ठिकाणी चेटकिणीची गोष्ट 'माहिती' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात, चालीरीतींच्या पुस्तकाशेजारी ठेवणं मला धोक्याचं वाटतं. गोष्टीतली चेटकीण गोष्टीच्या खणातच राहू द्या. "ह्या पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते" असं एखादे पालक येऊन म्हणाले तर तो खण दाखवून सांगता येतं, भाऊ, ही गोष्ट आहे हे लेकराला कळतं, म्हणून तर ती इथे आहे.

दुसरी वाट वरवर सोपी दिसते, पण मराठी बालपुस्तकं हातात घेतली की अडचण कळते. मुखपृष्ठावर एक नाव रूपांतरकाराचं, आत एक नाव संपादकाचं, एक चित्रकाराचं, कधी अनुवादकाचं. त्याच म्हातारीच्या आणि भोपळ्याच्या तीन पुस्तकांवर तीन आडनावं असतात, आणि ती तीन टोकांना जाऊन बसतात. लोककथांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० मध्ये कथांची जी सूची केली, ती सांगणाऱ्याच्या नावाने केली नाही, कथेच्या प्रकाराने केली. ती पुढे अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी वाढवली. त्यात सिंड्रेला-प्रकारच्या कथेला ५१० अ हा क्रमांक आहे, मग ती कोणत्याही देशात, कोणाच्याही तोंडून आलेली असो.

म्हणून मी तिसरी वाट धरली. पाठीवरचा वर्गांक ३९८.२, तो बदलायचा नाही. जागा मात्र गोष्टींच्या रांगेत, आणि खणाच्या आत एकाच गोष्टीची पुस्तकं शेजारी शेजारी. भोपळ्याच्या दोन पुस्तकांत एकात वाघ भेटतो आणि दुसऱ्यात कोल्हा, हे चौथीच्या मुलांनी स्वतःहून शोधून वर्गात भांडण केलं. तसं भांडण मला दरवर्षी हवं आहे.

अँडरसनसारख्या लेखकांच्या परीकथाही मी याच खणात ठेवते. त्यांच्या पाठीवर मात्र ८०० मधला साहित्याचा आकडा लिहिते, म्हणजे पुढे कोणी वर्गांकाने लावायचं ठरवलं तर पुन्हा डोकेफोड नको. एका ओळीत हा नियम कागदावर लिहा, तारीख घाला आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बदली होते, चार्ज दुसऱ्याकडे जातो. नवीन माणसाला तुमच्या मनातलं कळणार नाही.

पायरी ५ : अडणारी पुस्तकं

इथे घाई करू नका. ढिगातली वीस-पंचवीस पुस्तकं अशी निघतील की ती हातात धरून तुम्ही बराच वेळ बसाल.

पंचतंत्र. मूळ संस्कृत ग्रंथ, सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत आणि पुढे अरबीत गेला, तिथून युरोपभर. काही ग्रंथालयं ते संस्कृत साहित्यात ठेवतात, काही ३९८.२ मध्ये. मुलांसाठी केलेल्या चित्रमय आवृत्त्या मी लोककथांत ठेवते, इसापच्या शेजारी. बोलणारे प्राणी हवे असलेलं मूल दोन्हीकडे सारखंच रमतं. अकबर-बिरबल आणि तेनालीरामनच्या गोष्टीही तिथेच. हा अकबर इतिहासातला नाही, म्हणून इतिहासाच्या खणात नको.

श्रावणातल्या कहाण्या. "आटपाट नगर होतं" ने सुरू होतात, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. बांधणी पूर्ण लोककथेची. पण पुस्तकात पूजेचा विधी, साहित्याची यादी आणि उद्यापन असेल तर ते व्रताचं पुस्तक आहे, धर्माच्या खणात ठेवा. नुसत्या गोष्टी असतील तर लोककथांत.

आता खरा कठीण भाग. नळ-दमयंतीची गोष्ट महाभारताच्या वनपर्वातली. दमयंती विदर्भाच्या राजाची मुलगी, हंस निरोप घेऊन येतो, राजा ओळखू न येण्यासारखा होतो. परीकथेला लागतं ते सगळं त्यात आहे. रुक्मिणीहरणाचंही तसंच. पण वर्धेच्या काठी कौंडण्यपूरला जाऊन बघा. तिथे रुक्मिणी माहेरची लेक आहे, तिची पालखी पंढरपूरला जाते. तिचं पुस्तक परी आणि राक्षसाच्या मधे ठेवलेलं त्या गावच्या आजीला रुचणार नाही, आणि तिचं चुकीचं नाही.

हाच विचार जातककथांना लावा. पाली संग्रहात ५४७ जातकं आहेत. बोलणारी माकडं, हरणं, हत्ती, सगळे त्यात आहेत, म्हणून पुष्कळ शाळांत ती पंचतंत्राबरोबर बसलेली दिसतात. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि विदर्भात गावोगावी बौद्ध घरं आहेत. त्या घरातल्या मुलासाठी जातक म्हणजे बोधिसत्त्वाच्या जन्माची कथा. रामायण 'धर्म' म्हणून वरच्या फळीवर आणि जातक 'प्राण्यांच्या गोष्टी' म्हणून खाली, अशी मांडणी झाली तर त्या मुलाला काय कळतं ते आपण मोठ्यांनी ओळखलं पाहिजे.

गोंडी कथांचंही तेच. पारी कुपार लिंगो हे गोंड समाजाचे धर्मगुरू. माघी पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात कचारगडला त्यांच्या नावाने दूरदूरहून लोक येतात. लिंगोंची कथा परीकथेच्या खणात बसत नाही. पण कोल्ह्याने वाघाला फसवल्याची गोंडी किंवा कोरकू गोष्ट ही सरळ लोककथा. ती 'आदिवासी' अशी चिठ्ठी लावून वेगळ्या कोपऱ्यात ठेवू नका. ग्रिमची गोष्ट जर्मन आदिवासींची म्हणून आपण वेगळी काढत नाही. मेळघाटातली कोरकू गोष्ट, भामरागडची माडिया गोष्ट, झाडीपट्टीतली गोष्ट, जर्मन गोष्ट, सगळ्या एका फळीवर.

यातून मी एक कसोटी केली: ज्या पात्रापुढे आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात कोणी हात जोडतं, त्याची गोष्ट परीकथेत ठेवायची नाही. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, गोंड, सगळ्यांना हीच कसोटी. या पुस्तकांचा वेगळा खण परीकथांच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर करा, म्हणजे नळ-दमयंती शोधणाऱ्या मुलाला लांब जावं लागत नाही. खणाला 'देवांच्या गोष्टी' हे नाव देऊ नका, बुद्धांना किंवा लिंगोंना ते लागू होत नाही. आम्ही 'पुराण, जातक, संत आणि श्रद्धेच्या कथा' असं लिहिलं. लांब आहे, पण कोणाला टोचत नाही. शंका असेल तर शालेय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पुस्तक दाखवून विचारा. आमच्याकडे साती आसरांचा उल्लेख असलेल्या एका पुस्तकाबद्दल एका मावशींनीच सांगितलं, की नदीवर त्यांची पूजा होते, ते वर ठेवा. मला ते सुचलं नसतं.

भीतीदायक आणि क्रूर गोष्टींचा एक ढीग राहतो. परीकथांच्या अस्सल, न गाळलेल्या आवृत्त्यांत हात तोडणं, जाळणं, मुलांना रानात सोडणं असतं. ती पुस्तकं फेकू नका. त्याच विभागात, पण वरच्या फळीवर ठेवा, जिथे सहावीपासूनचे हात पोचतात. दुष्ट सावत्र आईच्या गोष्टींबाबत मी जपते. वर्गात सावत्र आईजवळ वाढणारं लेकरू असेल तर ते पुस्तक लपवत नाही, पण त्या वर्षी वर्गासमोर मोठ्याने वाचायला ते निवडत नाही.

पायरी ६ : चिठ्ठी

पुस्तकाच्या पाठीवर लेबल लावा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण आपली निम्मी बालपुस्तकं सोळा किंवा चोवीस पानांची, मधे पिना मारलेली. त्यांना पाठच नाही. अशा पुस्तकाला मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावा, चित्रातल्या चेहऱ्यावर येणार नाही अशी. सगळ्या पुस्तकांना एकाच कोपऱ्यात.

चिठ्ठीवर तीन ओळी पुरतात: वर्गांक, मग गोष्टीच्या नावाचं पहिलं अक्षर, खाली दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा नोंदवहीत पडलेला क्रमांक. आकडे देवनागरीत लिहा, पहिलीच्या मुलांना तेच आधी वाचता येतात. दशांश वर्गीकरणात देशाचा आणि राज्याचा आकडा पुढे जोडता येतो. महाराष्ट्रातल्या लोककथांना ३९८.२०९५४७९२ असा लांबलचक वर्गांक होतो. चारशे पुस्तकांच्या शाळेत त्याची गरज नाही. ३९८.२ वर थांबा.

न वाचता येणाऱ्या मुलांसाठी रंग हवा. परीकथा-लोककथांना पिवळी पट्टी. श्रद्धेच्या कथांना केशरी किंवा निळी नको, हिरवीही नको. हे रंग गावात कोणाचे ना कोणाचे असतात. आम्ही जांभळी घेतली. चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर घामाच्या हातांनी अक्षर पुसत नाही.

मलपृष्ठावर कधी पातळी १ ते ४ असं छापलेलं असतं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर ते दिसेल. तो वाचनाच्या अवघडपणाचा आकडा आहे, वर्गांक नव्हे. तो तसाच राहू द्या, मुलांना पुस्तक निवडताना कामी येतो.

पायरी ७ : फळी

पहिलीतल्या मुलाला शेजारी उभं करा. त्याच्या गुडघ्यापासून खांद्यापर्यंतची जागा परीकथांची. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर असावी, वाळवी आणि फरशी धुताना येणारं पाणी, दोन्हींसाठी. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात भिंत पाझरते आणि मागच्या रांगेतली पुस्तकं आधी कुजतात.

फळी गच्च भरू नका. ओढून काढलेलं पातळ पुस्तक पिनेपाशी फाटतं. पाच-सहा पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी उभी ठेवा आणि दर सोमवारी बदला. जागा नसेल तर खिडकीच्या दोन गजांना सुतळी बांधून पुस्तकं मधोमध उघडून टांगा. विदर्भातल्या कितीतरी शाळांत असं दोरीवरचं वाचनालय आहे. मात्र एप्रिलमध्ये पश्चिमेची खिडकी टाळा, उन्हाने रंग उडतात.

आणि कपाटाचं कुलूप. पुस्तक हरवलं तर तपासणीत उत्तर द्यावं लागेल या धास्तीने आपण कुलूप लावतो, मला ही धास्ती कळते. पण कुलपात मी वाळवीने खाल्लेली जितकी पुस्तकं पाहिली तितकी मुलांनी हरवलेली पाहिली नाहीत. शाळेच्या वेळेत परीकथांचा खण तरी उघडा राहू द्या. फाटकी प्रत निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करायची, रीत मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

पायरी ८ : नोंद

दाखल नोंदवहीतला क्रमांक जागा बदलली म्हणून बदलत नाही. तिथे खाडाखोड करू नका. शेवटच्या कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने खणाचं नाव लिहा: प-लो (परीकथा-लोककथा), श्रद्धा, गोष्टी, माहिती. पेन्सिलीने, कारण दिवाळीनंतर त्यातली काही पुस्तकं नक्की हलतील.

पायरी ९ : मुलांकडून तपासून घ्या

मांडणी झाली की दुसरीतली पाच मुलं बोलवा आणि प्रत्येकाला एक काम द्या. "म्हातारीचं पुस्तक आण." "राक्षसाचं आण." "बुद्धांची गोष्ट आण." तुम्ही बोट दाखवू नका, नुसतं बघा. मूल आधी कुठे जातं ते वहीत लिहा. पाचांतली तीन मुलं चुकीच्या खणापाशी गेली तर खण चुकीचा आहे, पुस्तक तिकडे हलवा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. मधली सुट्टी खिचडी खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं उरते. तेवढ्यात पुस्तक हाती आलं पाहिजे.

परत ठेवण्याचं काम मुलांवरच सोपवा, पाचवीच्या दोघांना आठवडाभराची पाळी द्या. पुस्तक चुकून दुसरीकडे गेलं तर रागवू नका, त्याने ते तिकडे का ठेवलं ते विचारा. आमच्याकडे एक मुलगा कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट सारखी पक्ष्यांच्या माहितीच्या खणात ठेवायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, थो बदक नाही, राजहंस हाये, इथं फोटो बी हाये." आता तिथे एक चिठ्ठी आहे: 'राजहंसाची गोष्ट पिवळ्या खणात'.

पायरी १० : गावातल्या गोष्टींना जागा ठेवा

फळीच्या उजव्या टोकाला वीतभर जागा मोकळी सोडा. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाआधी मुलांना सांगा, घरी आजी-आजोबांकडून एक गोष्ट ऐका आणि जशी सांगितली तशीच लिहून आणा. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोरकू, कोलामी, जी बोली घरी असेल तीत, देवनागरी अक्षरांत. 'थे' चं 'ते' करू नका. वर सांगणाऱ्याचं नाव आणि गाव लिहून घ्या, त्यांना विचारून. कागद मधे दुमडून दोन पिना मारल्या, जाड पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ लावलं, मुलानेच चित्र काढलं, की पुस्तक झालं.

या पुस्तकांनाही दाखल क्रमांक द्या, पिवळी पट्टी लावा, ३९८.२ लिहा आणि छापील पुस्तकांच्या मधे त्याच गोष्टीशेजारी ठेवा. आमच्या फळीवर भोपळ्याची आता चार पुस्तकं आहेत. चौथ्यात म्हातारी लेकीच्या घरी जाते ती कापूस वेचून झाल्यावर, आणि परत येताना तिच्या भोपळ्यात पुरणाच्या पोळ्या असतात. मुखपृष्ठावरचा वाघ थोडा कुत्र्यासारखा दिसतो. देवघेव वहीत या वर्षी सगळ्यात जास्त वेळा त्याच पुस्तकाचा क्रमांक आहे, त्यामुळे त्याच्या पिना मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मारून घेणार आहे.